डाव्या खांद्यावरची रायफल

९ सप्टेंबर, मंगळवार

दुर्बीण बिघडलेली नाही. माझा उजवा डोळा बिघडला आहे. डॉक्टरीणबाईंनी आज स्पष्ट सांगितलं. वाचता-लिहिता येतंय तोवर नीट लिहून ठेवावं, म्हणून रोजनिशी पुन्हा सुरू.

बारीक चौकटींचा कागद समोर धरला. "मधली रेघ सरळ दिसते का?" नाही. मध्येच पोक आलेली. ऑगस्टपासून रायफलच्या दुर्बिणीतली आडवी तार दिसते, अगदी तशी आणि त्याच जागी.

महिनाभर त्या बिचाऱ्या दुर्बिणीला बोल लावले. जुनी, कायम चौपटच दाखवणारी, फिरवाफिरवीची भानगड नाही. इतकी वर्षं एकदाही दगा दिला नाही तिने. शिकारीतला माझा जुना सोबती वॉल्ट, त्याला म्हटलं, तार ढिली झाली बहुतेक. त्याने डोळा लावला आणि माझ्या नावाचा त्याचा नेहमीचा उच्चार करत म्हणाला: "व्हिमल, पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे. डोळे दाखवून ये." मी रागावले. त्याच्याशी बोलले नाही. तो मात्र दर दोन दिवसांनी फोन करून अपॉइंटमेंट घेतली का विचारत राहिला.

वेळेवर गेले म्हणाल्या बाई. अजून थोडं थांबले असते तर जास्त गेलं असतं. म्हणजे डोळा वॉ.ने वाचवला, निम्मा का होईना.

डोळ्यात इंजेक्शन. ऐकायला भयंकर, प्रत्यक्षात नाही. दर महिन्याला घ्यायचं.

डावा डोळा उत्तम. त्याचे आभार कधी मानलेच नव्हते.

१० सप्टेंबर

अदितीला फोन केला. एडिसनहून ती ओरडली ते इथे शॉमबर्गला फोनशिवाय ऐकू आलं असतं.

"आई, जस्ट सेल देम. सगळ्या. प्लीज."

"सगळ्या म्हणजे किती? एक रायफल, एक रिव्हॉल्वर. लोकांकडे गाड्या जास्त असतात."

"तुला दिसत नाहीये!"

"एका डोळ्याने दिसत नाही. दुसऱ्याने तुझ्या बाबांचा फोटो भिंतीवर वाकडा झालेला दिसतोय."

हसली नाही. मग बारीक आवाजात: "आणि हंटिंग? यावर्षी नाही ना जाणार?"

सांगते म्हटलं. मलाच माहीत नाही. दर नोव्हेंबरला विस्कॉन्सिन. माधव वारले त्या वर्षीही मी गेले होते. मचाणावर बसून पहिल्यांदा नीट रडता आलं. घरात माणसं फार होती.

१४ सप्टेंबर, रविवार

नेमबाजीच्या रेंजवर. चष्म्याची उजवी काच कागदी टेपने बंद केली. रिव्हॉल्वर ठीक. जवळचा कागद, दोन्ही हातांत धरायचं, डोळा कुठलाही चालतो. मन शांत झालं.

बाजूच्या माणसाकडे चकचकीत निकेलचं रिव्हॉल्वर. वॉ. माझ्या कानात: "बँड पथकातलं वाद्य आहे." त्याचं-माझं ज्या थोड्या बाबतींत जमतं त्यातली ही एक. रिव्हॉल्वर काळ्या-निळ्या पोलादाचंच हवं, मुठीला अक्रोडाचं लाकूड हवं. नळीवरून मात्र भांडण. त्याला लांब हवी, मला आखूड.

मग रायफल. डाव्या खांद्याला लावली आणि सगळंच उलटं. बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा खटका, उजवीकडे. एक गोळी झाली की हात वरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, तेवढ्यात गाल दस्त्यावरून सुटतो, निशाणाही सुटतो. तीन झाडल्या. एक कुठे गेली तीच जाणे.

उस्ताद आठवले. नागपूर, एन.सी.सी., पहिलं वर्ष. आम्ही मुली पालथ्या पडलेल्या, पुढे पॉइंट टू-टू रायफली. "घोडा खींचो मत, बेटी. दबाओ." माझ्या पाच गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या गेल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या थर्मासमधला चहा मला दिला. अजून चव आहे.

वॉ. काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला आवडलं नाही.

२१ सप्टेंबर

बोलला. कॉफी पिताना.

"माझी घे. लिव्हर. तिला डावं-उजवं कळत नाही."

त्याची लिव्हर-ॲक्शन. खालची कडी पुढे ढकलायची, मागे ओढायची, झालं. दुर्बीण नाही, मागे भोकाची चकती, पुढे मणी. वीस वर्षं मी तिला काउबॉयचं खेळणं म्हणत आले. तो माझ्या दुर्बिणीला चष्मा म्हणतो. "तुझी रायफल चष्मा लावून जंगलात जाते." मी म्हणायची, "आणि तुझी भोकातून चंद्र बघते." दुर्बिणीने अंधूक उजेडात शिंगं मोजता येतात, हा माझा मुद्दा. काचेवर वाफ धरते आणि हरीण तुमची काच पुसून होईपर्यंत थांबत नाही, हा त्याचा. दोघांचंही खरं आहे. कबूल कोणी करत नाही.

मी म्हटलं, खेळणं नको मला.

तो: "ओके, सार्जंट." एन.सी.सी.तला माझा हुद्दा सांगितल्यापासून मला हेच म्हणतो, मी आडमुठेपणा करते तेव्हा.

घरी आल्यावर लाज वाटली. त्याच्या वडिलांची रायफल आहे ती.

२ ऑक्टोबर, दसरा

चौरंगावर: रायफल, रिव्हॉल्वर, माधवची स्लाइड रूल, माझ्या लॅबमधला जुना पिपेट, सुरी. मागच्या अंगणातल्या रेडबडची पानं, आपट्याची म्हणून. डेव्हनच्या देशी बाजारातून झेंडू आणले, अजून डोळ्यामुळे संध्याकाळी गाडी चालवत नाही म्हणून वॉ. घेऊन गेला. तिथे पार्किंग शोधताना त्याने सुसंस्कृत माणसाला न शोभणारे शब्द वापरले.

दरवर्षीसारखा तोही आपली लिव्हर घेऊन आला. रिकामी, कडी उघडी, दारात दाखवून मग आत. बूट काढून, मोज्यांवर. दस्त्याच्या लाकडाला एक बोट कुंकू, बस. पोलादाला काही नाही. हा आमचा तह आहे.

तह का करावा लागला: पहिल्या वर्षी मी त्याच्या रायफलीला लोखंडावरच ओलं हळदकुंकू लावलं, आपल्याकडे लावतात तसं. तो तेलाचं फडकं घेऊन धावला. मी अडवलं. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही. माधव मध्ये पडले, "वॉल्ट, हिच्याशी वाद घालू नकोस, मी घालून बघितलाय." बिचारा रायफल ठेवून घरी गेला. सकाळी कुंकवाखाली गंजाचा तांबूस डाग. एवढंसं तोंड करून माफी मागितली होती मी. त्यानंतर डागाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

आज उजवा डोळा मिटून बघितलं. डाग तसाच आहे. करंगळीच्या नखाएवढा.

"पॉलिश करून का नाही घेतलंस? दुकानात तासाभराचं काम."

"मग ती कोणाचीही रायफल झाली असती."

पुरणपोळी दोन खाल्ल्या त्याने, वर तूप मागितलं.

रात्री झोपण्याआधी त्याला मेसेज केला: खेळणं घेते. थँक यू.

५ ऑक्टोबर

नियम ठरवला. कागदाची जेवणाची प्लेट, पंचाहत्तर यार्ड, डावा खांदा, पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये, तर मचाणावर रायफल घेऊन बसेन. नाहीतर कॅम्पवर स्वयंपाक. जखमी हरीण जंगलात भटकत मरावं, हे पाप मला नको. आजवर एकही केलेलं नाही.

आज प्लेटमध्ये दोन.

११ ऑक्टोबर

तीन. खांदा काळानिळा. डाव्या बाजूला धक्क्याची सवय नाही. रोज तळघरात रिकाम्या रिव्हॉल्वरने भिंतीवरच्या टिकलीवर नेम धरते. माझी स्वतःचीच टिकली, चिकटवलेली.

दुसरं इंजेक्शन झालं. आज रेघेचा पोक जरासा कमी. बाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "आय विल टेक इट." मीही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अदिती दिवाळीला आली. आल्या आल्या खांदा दिसला.

"आई, हे काय? पडलीस?"

"नाही. रायफलचा धक्का."

"ओह माय गॉड. यू आर सेव्हंटी-थ्री!"

"रायफल नव्वदीची आहे. तिची तक्रार नाही."

मग भांडण. मोठं. मी कायम बाबांनाही असंच रेटलं म्हणाली. ते मांस खात नव्हते, तरी दर रविवारी मला रेंजवर सोडायला यायचे, गाडीत पेपर वाचत बसायचे. खरं आहे. मी रेटलं नव्हतं, ते आपण होऊन यायचे, पण हे तिला कसं सांगणार. माझं नारिंगी शिकारीचं जाकीट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले होते, "भगवं घातलंस, आता संन्यास घे, मला शांतता मिळेल."

हे सांगितलं तेव्हा ती हसली. मग रडली. तिला भीती कशाची, ते मग कळलं. बंदुकीची नाही. मी जंगलात एकटी, संध्याकाळ, दिसत नाही, आणि फोन लागत नाही. तीन तासांच्या विमानाच्या अंतरावर बसून ती हे रोज मनात बघते.

एवढं माझ्यासाठी कोणी बघतंय. मी चहा केला.

नियम सांगितला तिला. "फाइव्ह आउट ऑफ फाइव्ह?"

"हो."

"मग मी येते. मी मोजणार. वॉल्ट अंकल नाही."

१९ ऑक्टोबर

आली. गाडीतच बसली, काच वर करून, फोन बघत. त्याच जागेवर पार्किंग मिळालं, माधव लावायचे तिथे. तिला सांगितलं नाही.

मी: टेकून बसले, चष्म्यावर टेप, डावा गाल लाकडाला. भोक, मणी, प्लेट. खींचो मत, दबाओ. कडी पुढे, मागे. गाल जागचा हलला नाही. या खेळण्यात खरंच काही आहे.

पाच झाल्या. वॉ. हातातल्या दुर्बिणीतून बघून म्हणाला, "सार्जंट!" पण गाडीतून उतरून आलेल्या अदितीने त्याला हाताने थांबवलं, गोळीबार थांबल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबली, स्वतः चालत गेली, प्लेट घेऊन आली.

चार आत. पाचवी काठावर. काठ फाटलाय, अर्धं भोक प्लेटमध्ये, अर्धं हवेत.

वॉ.: "रेघेला टेकली की आत धरतात. स्पर्धेतला नियम."

अदिती: "ही स्पर्धा नाहीये, अंकल."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी प्लेट घेतली, उजेडाकडे धरली. मुलगी माझीच आहे.

"काठावरची मी धरत नाही," म्हटलं.

वॉ. म्हणाला, "अर्ध्या विस्कॉन्सिनपेक्षा बरी मारलीस."

"अर्ध्या विस्कॉन्सिनला मी नियम घातलेला नाही."

गाडीत बसलो, प्लेट माझ्या मांडीवर. मग अदिती: "इट वॉज रिअली क्लोज, आई." आणि पुढे, खिडकीबाहेर बघत, "अजून महिना आहे ना?"

हे तिने म्हटलं. मी नाही.

१ नोव्हेंबर

चार. पाचवी पार बाहेर. थंडी, बोटं.

८ नोव्हेंबर

पाऊस. गेले नाही. सावजी मसाला भाजला कॅम्पसाठी. वॉ.ला मागच्या वर्षीचा रस्सा अजून आठवतो, घाम पुसत, नाक शिंकरत तिसऱ्यांदा वाढून घेतला होता आणि म्हणाला होता, "हे जेवण आहे की शिक्षा?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाच. पाचही आत. त्यातल्या तीन एका रुपयाखाली झाकता येतील, चार नाहीत.

प्लेटचा फोटो अदितीला. उत्तर लगेच: "काठ दाखव. क्लोजअप." पाठवला. मग: "ओके. वॉल्ट अंकलचा नंबर दे."

त्याला काय सांगितलं कोण जाणे. तो म्हणाला, मचाण बदललं, आपण दोघं एकाच मचाणावर, आणि हा हुकूम आहे, माझा नाही.

मनात एक शंका मात्र आहे. या खेपेला पाच, आधीच्या खेपेला चार. प्लेट हलत नाही, तिला जीव नसतो; हरणाला असतो. लिहून ठेवते, विसरू नये म्हणून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. कॅम्प, विस्कॉन्सिन

उद्या उजाडताना सीझन सुरू. बाहेर थोडा बर्फ. वॉ. शेगडीपाशी कांदा चिरतो आहे, डोळे पुसतो आहे.

रायफली एकमेकांच्या नावावर करायचे दुकानातले कागद मागच्या आठवड्यात झाले, दोघांची परवान्याची कार्डं दाखवून, कायद्याने थांबायचे दिवस थांबून. आज खरी देवघेव, टेबलावर.

मी वॉल्टला दिलं: माझी बोल्ट-ॲक्शन रायफल. तिच्यावरची चौपट दुर्बीण, तार सरळ. तिचा चामडी पट्टा. दस्त्यावरच्या कोरीव जाळीत बसलेलं सगळ्या दसऱ्यांचं कुंकू, ते निघत नाही.

वॉल्टने मला दिलं: त्याच्या वडिलांची लिव्हर, डागासकट. तेलाचं एक फडकं, वापरलेलं, "पूजेच्या दिवशी लपवून ठेव" या सूचनेसह. पाच काडतुसं, माझ्या तळहातावर, एक एक.

चार घेतली, तेवढ्यांचीच मला खात्री. पाचवं त्याच्याकडे ठेवायला दिलं. त्याने ते वरच्या खिशात टाकून बटण लावलं.