बरोबर बारा

२९ ऑक्टोबर २०१७, निशी-कसाई, जपान

टण्ण! शाळेत टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर गुणवंत शिपायाचा हातोडा. साठ वर्षांनी आज पहाटे पुन्हा कानात वाजला. मी वर्गाचा मॉनिटर. सहलीत एकदा नुसती डोकी मोजून "बरोबर आहेत" म्हणालो, तर गुरुजींनी कान पिळला. "नीलकंठा, डोकी मेंढ्यांची मोजतात. पोरांची नावं घ्यायची."

कान अजून गरम होतो. त्यांनी शिकवलेल्या कविता मात्र सगळ्या पाठ.

३० ऑक्टोबर

उद्या हॅलोविन. आपल्याकडे अंगातलं भूत उतरवतात, इथे पोरांना हौसेने नेसवतात!

सूनबाईने, यामिनीने, बिल्डिंगमधल्या बारा पोरांची यादी दिली. "आबा, मी पुढे, तुम्ही शेवटी. दारावर भोपळ्याचा कागद असेल तिथेच चॉकलेट मागायला थांबायचं. रस्ता सिग्नललाच ओलांडायचा. आणि कविता नको."

"का?"

"तुम्ही कवितेत शिरलात की लवकर बाहेर येत नाही."

खालच्या मजल्यावरच्या जपानी मोरी-सानच्या दाराला भोपळा नाही. साहजिक. बाटलीचं झाकण चुकीच्या पिशवीत गेलं म्हणून या गृहस्थाने आमचा अख्खा कचरा दारात परत आणून ठेवला होता.

नात पूर्वी पाच वर्षांची. पांढरी चादर, डोळ्यांना दोन भोकं. भूकंपासाठी भरून ठेवलेल्या पिशवीतली शिट्टी तिच्या गळ्यात, टॉर्च माझ्याकडे.

३१ ऑक्टोबर, सायंकाळी सव्वासहा

आलो. सुखरूप!

पार्कापाशी समोरून दुसरी टोळी आली आणि सगळ्या भुतांचा चिवडा झाला. नेमका वर चंद्र. सहावीतली चांदण्याची कविता तोंडात आली. दोनच कडवी म्हटली. अद्वय, मोठा नातू, ओरडला, "आबा, सिग्नल ग्रीन!"

यादी खिशात, चष्मा दुसऱ्या खिशात. एकेका डोक्यावर टपली मारत मोजलं. प्रत्येक टपलीला "हाय!" म्हणजे "हजर"; पोरं हजेरीसुद्धा जपानीत देतात. बरोबर बारा. पूर्वीचा हात घरापर्यंत सोडला नाही.

आता हॉलमध्ये चॉकलेटची वाटणी चालू आहे. यामिनी दारांवरचे कागद काढायला गेलीय. आमचं भूत कोपऱ्यात चादरीच्या आतूनच चकली खातंय. गप्प आहे. दमली बिचारी.

मोजली डोकी, गुरुजी. काय बिघडलं?

३१ ऑक्टोबर, सात

बेल वाजली. दारात मोरी-सान. एका हातावर नीट घडी केलेली पांढरी चादर. दुसऱ्या हातात पूर्वीचा हात. तिच्या तोंडात शिट्टी.

मी दाराची चौकट धरली.

मोरी-सान कंबरेत वाकले ते वर येईनात. कान लालबुंद. अद्वयने त्यांचं बोलणं सांगितलं, "पार्कजवळ चुकून हिचा हात धरला म्हणतायत. घरी गेल्यावर हिने शिट्टी मारली, तेव्हा कळलं. आबा, त्यांचा नातू आपल्याकडे आलाय का?"

मी मागे वळलो. मोरी-साननी माझ्या खांद्यावरून घाबरत हाक मारली, "केन्ता?"

कोपऱ्यातून, चकलीभरल्या तोंडाने, "हाय!"