चार फूट पलीकडे

१८ डिसेंबर १९११

चाळीस फूट! दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा सुतळी लावून मोजलं. नकाशात छत्तीस. नव्या दफ्तरखान्याचं हे तळघर — अजून फरशी नाही, गिलावा नाही, भिंतींना ओल. कागदांपाशी कंदील नको म्हणून थोरल्या पातीच्या दरबारानं विजेचे दिवे घालायचं ठरवलं. मुंबईला हे काम शिकून आलेला देवासात मी एकटाच. तार कुठून न्यायची ते आखायला उतरलो आणि हे सापडलं.

गवंड्याला विचारलं. म्हणतो, "बाजू में काळो पत्थर लाग्यो भिया, चौड़ाई कम पड़ी, तो लंबाई में काढ़ ली." रुंदी गेली ती लांबीत काढ़ ली! अरे, वर हद्दीचा दगड बरोबर छत्तीस फुटांवर आहे. त्याच्या पलीकडे धाकटी पाती; एकाच देवासात दोन पात्या, दोन राजे, दोन दरबार. आमच्या तळघराची शेवटची भिंत दुसऱ्याच्या राज्यात!

१९ डिसेंबर

ओव्हरसियर कृष्णरावांना सांगितलं. "नकाशा छत्तिसाचाच काढा. जमिनीखाली कोण बघायला येतंय?"

मी बघितलं ना!

२४ डिसेंबर

तार भिंतीला टेकवायची नाही, चिनी मातीच्या गोट्यांवरून न्यायची, नाहीतर ओल धरेल. दिवे पाच. चार नीट बसतात. पाचवा, शेवटच्या भिंतीजवळचा, छत्तीस फुटांच्या कागदावर मावतच नाही. पेन्सिल घेऊन नुसता बसतो.

खरी गोष्ट लिहूनच टाकतो. तो हद्दीचा दगड अण्णांनी बसवलेला आहे. माझे वडील — धाकट्या पातीत तीस वर्षं मोजणी-कारकून, चैत्रात निवृत्त होणार. उद्या हे बाहेर आलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरासाठी चार फूट सोडले. तीस वर्षांत बोटभर चूक नाही त्यांची! आणि आत्ताच सांगावं तर ते वर कळवणार. कळवल्याशिवाय राहणारच नाहीत. मग भिंत पाडा, आणि माझी नोकरीही गेली.

शिवाय सांगू कसं? मी 'पलीकडची' नोकरी धरली तेव्हापासून, दोन वर्षं, अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. एकाच पंगतीला जेवतो. "सूनबाई, त्यांना विचारा, ताक हवंय का." 'त्यांना' म्हणजे मी, सूनबाई म्हणजे माझी बायको दुर्गा! काल दुर्गा वैतागली: "मी काय दोन दरबारांमधली वकील आहे?"

संक्रांत

अण्णांनी तिळगूळ दिला. मी वाकलो, त्यांनी हातावर ठेवला. शब्द नाही! गोड नसेल तर कडू बोला, पण बोला. फार वाईट वाटलं.

चाळीस फुटांचा खरा नकाशा काढला, पाचव्या दिव्यासकट, आणि त्यांच्या चष्म्याखाली ठेवून आलो. होऊ दे काय व्हायचं ते.

१५ जानेवारी

काही नाही. नकाशा मात्र तिथे नाही.

१७ जानेवारी

अण्णा तळघरात आले! मोजणीची साखळी खांद्यावर. एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः जिन्याशी गेले. लहानपणी टोंकखुर्दच्या शेतांत मी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हाची खूण — एक झटका म्हणजे ताण, दोन म्हणजे सोड. एक झटका आला. मी ताणली. हात विसरला नव्हता.

चाळीस. वहीत टिपून घेतलं. वर जाऊन दगडावर जरा हात ठेवला आणि घरी गेले.

२३ जानेवारी

अण्णांच्या अहवालावर दोन्ही दरबारांचे शिक्के! जेवणं झाल्यावर म्हणाले, "सूनबाई, त्यांना वाचून दाखवा." दुर्गानं वाचलं: "चार फूट आमच्या हद्दीत निश्चित. भिंत पाडण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्या भागात धाकट्या पातीचा एक दिवा असावा व त्याची कळ निराळी असावी."

पाचवा दिवा! नकाशा नीट वाचला होता तर. माझी नोकरी राहिली, त्यांचं नावही. कृष्णरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी मागच्या पडवीत जाऊन रडलो.

रथसप्तमी

चाचणी. चार दिवे मी लावले. पाचव्याची कळ अण्णांनी स्वतः फिरवली आणि वर बघत उभे राहिले. दुर्गा घरी होती. मध्ये कोणीच नव्हतं.

"श्रीपाद, आमच्या बाजूला उजेड कमी पडतोय रे."