अमरच्या गड्याने तीनदा केलेला आग्रह

दारव्हा, मंगळवार

ती. अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (गुडघ्यांमुळे वाकवत नाही, म्हणून कागदावरच). इकडे सगळे बरे आहेत. तुझी भावजय तानाबाई बरी आहे, म्हणजे दिवसातून एकदा तुझं नाव काढून मला बोलते. तुझी कंबर कशी आहे? खरं तर तुझा राग कसा आहे, हे आधी विचारायला हवं होतं. कंबरेला तेल तरी चोळता येतं.

तुझ्या फोनवर जे तीन दिवस चाललं, त्याचा खुलासा करतो. दोष माझा आहे, पण सुरुवात तुझ्या चिरंजीवाने केली. पुण्याची नोकरी सोडून यवतमाळात लोहारा भागात खोली घेऊन बसलेल्या अमरने संगणकात एक गडी पाळला आहे, हे तुला ठाऊक असेलच (नसेल तर आईला काही न सांगण्याची रीत त्याने मामाकडून उचलली). हा गडी दिसत नाही, जेवत नाही. काम सांगितलं की आपणच इंटरनेटवर जातो, पानं उघडतो, बटणं दाबतो, तिकिटं काढतो. प्रत्येक कामाला त्याच्याजवळ एक अवजार असतं आणि अवजारासोबत दोन ओळींचं वर्णन. तेवढं वाचूनच तो कोणतं अवजार कधी उचलायचं ते ठरवतो. ही वर्णनं मराठीत हवी होती. चौतीस वर्षं मराठी शिकवलेला मामा रिकामाच होता, म्हणून तो संगणक घेऊन इकडे दारव्ह्याला आला. मी हुरळलो. शाई भरलेला पेन काढला.

‘पान खाली सरकवणे’ यापुढे मी लिहिलं, ‘कोणतेही वाचन अर्धवट सोडू नये.’ गड्याने बसच्या तिकिटाच्या पानावरचे सगळे नियम, पाळीव बकरीच्या भाड्यासकट, तळापर्यंत वाचले. ‘थांबणे’ यापुढे लिहिलं, ‘योग्य तेवढा वेळ थांबावे.’ तानाबाई बाजारातून मेथी घेऊन आली, ती निवडून झाली, तरी गडी थांबलेलाच. अमर डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, “मामा, त्याले आपल्या घरच्या रीती ठाऊक नाहीत. काय कराचं, कवा कराचं अन् कवा थांबाचं, एवढंच लिहा.” मी मनात म्हटलं, रीती ठाऊक नाहीत तर मग शिकवायलाच हव्यात. खोड जात नाही ती अशी.

म्हणून ‘तिकीट काढणे’ यापुढे मी लिहिलं, ‘पहिल्या नकारास नकार समजू नये. आपल्याकडे पाहुणा प्रथम नको म्हणतोच. किमान तीनदा आग्रह करावा.’ आणि ‘निरोप पाठवणे’ यापुढे, ‘वडीलधाऱ्यांना मायना चुकवू नये.’ मग अमर म्हणाला, आता खरं काम देऊन पाहू. मी सांगितलं, अक्काला दिवाळीला घाटंजीहून आण.

पुढचं तू भोगलंस. ‘तीर्थस्वरूप अक्का, साष्टांग दंडवत’ म्हणत शुक्रवारचं तिकीट आलं. तू नको म्हणालीस. साष्टांग दंडवतासह शनिवारचं आलं. तू पुन्हा नको म्हणालीस. मग रविवारचं, खिडकीजवळचं. (खिडकीचं मी सांगितलं नव्हतं. ते त्याने आपल्या मनाने केलं. इतका अगत्यशील गडी मी पाहिला नाही.) मग तुझा फोन आला. चार वाक्यं बोलायची सवय असलेली तू एकच बोललीस, “उकंड्या, तिकिटं कायले पाठवून राह्यला, मले न्यायले कोनी येते का थे सांग.” आणि ठेवून दिलास.

अमर शेजारीच होता. हसला नाही. बाबा होते तोवर दर दिवाळीला तुला आणायला मुऱ्हाळी म्हणून मीच यायचो, बसमध्ये तुझी पिशवी मांडीवर घेऊन. ते गेल्यावर दोन दिवाळ्या मी गुडघ्यांचं नाव सांगून नुसता फोन केला. तूही आली नाहीस. यंत्राला काय हसायचं अक्का, माझंच वर्णन अपुरं होतं.

तिन्ही तिकिटं रद्द केली आहेत. तुझ्या फोनवर आता दंडवत येणार नाही.

तुझा धाकटा,
उकंडा

ता. क. वर्णन नव्याने लिहिलं: ‘तिकीट काढणे. सांगितलेल्या माणसाचे, सांगितलेल्या दिवसाचे, एकच तिकीट काढावे. त्या माणसाने एकदा नको म्हटले की थांबावे व उकंडरावांस कळवावे. बहिणीसाठी हे अवजार वापरू नये. तिला आणायला भावाने जावे.’ अमरने एक अक्षर न खोडता घेतलं. माझ्या आयुष्यातलं पहिलंच लिखाण, ज्यात काही खोडावं लागलं नाही.

ता. क. २ : गुडघ्यांचं वर लिहिलं ते खोटं आहे. गुडघे बरे आहेत. बाबांच्या माघारी तू दारातूनच नको म्हणशील, याची भीती वाटत होती. शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. पण आता मीही एका नकाराला थांबायचं असं लिहून दिलं आहे, तेव्हा रीत म्हणूनसुद्धा नको म्हणू नकोस. पिशवी भरून ठेव.