मालक कोण?

अण्णा,

माझ्या लॅपटॉपवरच्या फायली तू रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होऊन ‘नीट लावल्यास’. सगळ्यांचा मालक रूट झाला आणि आज ऑफिसच्या डेमोत माझं एकही व्हर्च्युअल मशीन सुरू होईना. माझ्याच फायली, आणि मलाच ‘परवानगी नाही’! चारचौघांत शोभा झाली माझी. स्वल्प, जरासं विचारायचं तरी! तासभर खपून मालकी परत माझ्या नावावर केलीय. पासवर्डही बदललाय.

मी मल्लेश्वरमला मैत्रिणीकडे, पवित्राकडे चाललेय, सोमवारी येईन. सांबार फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

आई म्हणाली, देवनहळ्ळीच्या मंडळींना तू रविवारी मला बघायला बोलावलंयस. हेही मला न विचारता. त्यांना आजच फोन कर. कारण विचारलं तर सांग, परवानगी नाही.

तुझी बहीण,
रक्षिता