हात लावून बघायचं प्रदर्शन

३ फेब्रुवारी
हॉलचे ट्रस्टी उदयसिंह. आज तिसऱ्यांदा भेटले त्यांना. अंधारातलं प्रदर्शन म्हणजे काय, अजून त्यांच्या डोक्यात शिरत नाही! हाताला फौंड्रीची ओली वाळू आणि ओतीव लोखंड, नाकाला जळक्या तेलाचा वास, कानाला घणाचा आवाज — दिवे नाहीत. एवढंच तर आहे. तर म्हणे, "पण मॅडम, फोटो कसे येणार?"

फोटो कसले डोंबलाचे! माझ्या वडिलांनी, आबांनी, शिरोलीच्या फौंड्रीत अठ्ठावीस वर्षं लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरले. तीन वर्षांपूर्वी शुगरनं डोळे गेले, तेव्हापासून खाटेवर बसून असतात. कामाचा शब्द काढत नाहीत. त्या हातांनी काय केलं ते लोकांच्या हातांना कळू दे, बास.

५ फेब्रुवारी
नुसता संताप. उदयसिंहांनी ओतीव वस्तूंवर काचेच्या पेट्या ठेवल्यात. वर पाटी — 'हात लावू नये'. विचारलं तर, "कुणाला लागलं-बिगलं तर? काळजीपोटीच करतोय की." दोन पेट्या मी स्वतः उचलून जिन्यात नेऊन ठेवल्या.

६ फेब्रुवारी
आबा यायला तयार नाहीत. "मी आंधळा तितं येऊन काय बघू?" तुमच्यासाठीच मांडलंय सगळं! भांडलो. दोघंही जेवलो नाही.

९ फेब्रुवारी
नेलं शेवटी, रिक्षात घालून. मांडणी चालू होती म्हणून दिवे लागलेले. उदयसिंह आडवे — "आजोबा, नको हात लावायला, घाण होईल." माझ्या डोक्यात सणक गेली. पण मी तोंड उघडायच्या आत आबांचा हात वाळूच्या घमेल्यात. मूठ आवळली, सोडली, गोळा अंगठ्यानं मोडून बघितला.

"पाणी जास्त झालंय. असल्या वाळूत ओतलं तर मालाला भोकं पडत्यात."

कोरडी वाळू मागून घेतली, कालवली, परत मूठ. मग खाली बसून अख्खा साचा भरला, तासभर.  आबा हसत होते. किती दिवसांनी!

येताना रिक्षात म्हणाले, "सोनम, वाळू बघायला डोळं लागत न्हाईत की. पर कारखान्यातनं कुणी इचारलंसुदीक न्हाय बघ. अठ्ठावीस वर्षं काढली तितं."



१० फेब्रुवारी
विचारलं होतं. डोळे गेले त्याच महिन्यात मालकांचा फोन आलता — "आकाराम आबाला वाळू तपासायला तरी पाठव." लागेल-बिगेल म्हणून मीच परस्पर नको म्हटलं. आबांना सांगितलंच नाही.