दगडाखाली कुणी नाही

प्रिय बाबा,
तुम्हा दोघांना नेवेनाचा नमस्कार.

मी बरी आहे. आईची लुटेनित्सा, ती लाल मिरच्यांची चटणी, अजून पुरवून खाते आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

मंगळवारी मी आपल्याच नदीवर होते. वेळ नव्हता म्हणून घरी आले नाही, असं आईला सांगितलं. ते खोटं होतं. तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नाही.

लहानपणी तुम्ही दगड उलटून स्वच्छ पाण्यातल्या, वाळूची घरं बांधणाऱ्या अळ्या दाखवायचात. त्या मंगळवारी चीज कारखान्याच्या पाइपाच्या खालच्या अंगाला मी चाळीस दगड उलटले. एकही अळी नाही. नुसता राखाडी, लोकरीसारखा बुळबुळीत थर.

युरोपच्या नियमांत आपली नदी नापास होणार. आमच्या पाणी-तपासणी कार्यालयाचे स्तोइलसाहेब हसून म्हणाले, “पुलाच्या वरच्या अंगाचं, कारखान्याआधीचं पाणी घे की पोरी! ब्रसेल्सला कुठला पूल दिसतोय?” मी पाइपाखालचंच घेतलं. “आमची पोर नदीची डॉक्टरीण,” असं तुम्हीच सगळ्यांना सांगता ना?

रविवारी गाव चर्चमध्ये असताना चीजचं पाणी नदीत सोडतात. ते सोडायच्या झडपेची किल्ली तुमच्या कमरेला असते.

बाबा, पुढच्या शुक्रवारी माझा अहवाल जाईल. पाया पडते, त्याआधी इथे माझ्या कार्यालयात या आणि मालकाच्या हुकमाने सोडलं, एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा. नाहीतर झडप कोण उघडतं, या प्रश्नापुढे मला तुमचं नाव लिहावं लागेल. अक्षरं शिकवताना तुम्ही माझ्याकडून पहिलं तेच गिरवून घेतलं होतं.

मी रोज सकाळी गावाकडून येणाऱ्या बसच्या थांब्यावर उभी राहीन. जाड कोट घालून या.

तुमचीच,
नेवेना