घाटातली करकर

ताई,

इथूनच पाया पडतो. मी सुखरूप आहे, हे आधी सांगतो.

नऊ तास बसमध्ये बसलो, त्यात समुद्र दिसला सात मिनिटं, तोही पुढच्याच्या टकलाआडून. शेजाऱ्याने बूट काढून उकडलेली अंडी सोलली. मागे दोघं ओकली. गाइडचे विनोद त्याहून शिळे. शिसारी आली बघ. तू हट्ट केलास म्हणून गॅरेज सोडून फिरायला आलो.

घाट उतरताना वळणावळणावर करकर ऐकू येऊ लागली. मी गाइडला म्हटलं, "ब्रेक घासताहेत."

तो माइकवरून म्हणतो, "आजोबा, भीती वाटत असेल तर डोळे मिटा." सगळे फिदीफिदी हसले.

"तीस वर्षं ब्रेक दुरुस्त करतोय. माझा कान कधी चुकत नाही. थांबव, नाहीतर चाळीस जण दरीत जातील."

बस थांबवून ड्रायव्हर बिचारा तासभर खाली लोळून ब्रेक तपासत राहिला. तेवढ्यात धुकं उतरलं आणि पुढे जो कडा बघायला जायचं होतं तो कुणालाच दिसला नाही. परतताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

तुझा खोकला कमी आहे ना? खरं लिही.

ब्रेक ठणठणीत होते. माझ्या डोक्यावरच्या लोखंडी फळीवर तू दिलेला थर्मास घासत होता.

तुझा धाकटा